वक्तृत्व क्लबात नव्याने जाताय? पहिल्या सहा महिन्यांत काय आणि कसं करायचं

लोक क्लबात येतात ते चारचौघांत बोलायची भीती घालवायला, आणि आल्यावर तीन-तीन महिने मागच्या रांगेत बसून इतरांची भाषणं ऐकत राहतात. 'आधी जरा अंदाज घेऊ, मग बोलू' असा त्यामागचा हिशेब असतो. तो चुकतो. नुसतं ऐकून अंदाज येतो, भीती जात नाही. दर सभेत मुरलेले वक्ते पाहून ती थोडी वाढतेच. क्लबाचा उपयोग उठून उभं राहण्यात आहे, आणि उभं राहायला पूर्ण भाषणच द्यावं लागतं असं नाही. एका सभेत तयार भाषणं जेमतेम दोन-तीन होतात. बाकीची दहा-बारा माणसं छोटी-मोठी कामं सांभाळत बोलत असतात. नवख्याने शिरायचं ते या कामांमधून.

सभा कशी चालते

सगळ्यात जास्त पसरलेला नमुना टोस्टमास्टर्स या वक्तृत्व क्लबांच्या जागतिक संस्थेचा. राल्फ स्मेडली यांनी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) या संस्थेच्या इमारतीत पहिली सभा घेतली. तेव्हाचा गाभा आजही तोच आहे: सभासदांनीच बोलायचं, सभासदांनीच ऐकायचं आणि त्यांनीच एकमेकांना सुधारायचं. शिकवायला कुणी सर नसतात. स्वतंत्रपणे चालणारे अनेक क्लबही हीच घडी वापरतात, त्यामुळे पुढचं बरंचसं तिथेही लागू पडेल.

सभा एक ते दोन तासांची असते, आठवड्याला किंवा पंधरवड्याला. तिचे तीन भाग. पहिला तयार भाषणांचा. दुसरा टेबल टॉपिक्सचा, म्हणजे आयत्या वेळी मिळालेल्या प्रश्नावर एक-दोन मिनिटं बोलायचं. तिसरा मूल्यमापनाचा: प्रत्येक भाषणावर एक ठरलेला माणूस दोन ते तीन मिनिटं बोलतो, आणि शेवटी जनरल इव्हॅल्युएटर सगळ्या सभेबद्दल बोलतो. सूत्रसंचालन करणाऱ्याला 'टोस्टमास्टर ऑफ द डे' म्हणतात. घड्याळ सांभाळणारा टाइमर, अडखळण्याच्या सवयी मोजणारा आह-काउंटर आणि भाषेकडे लक्ष ठेवणारा ग्रॅमेरियन हे तीन मदतनीस.

वेळ हा इथला कडक नियम. नेहमीचं भाषण पाच ते सात मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड किंवा दिवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. लाल दिसलं की तिथेच तोंड मिटायचं असं नाही. तीस सेकंदांची सवलत असते, तेवढ्यात वाक्य आणि भाषण दोन्ही संपवायचं.

क्लब निवडताना

पैसे भरायची घाई करू नका. पाहुणा म्हणून दोन-तीन क्लबांत एकेक सभा बसून पाहा. टेबल टॉपिक्समध्ये पाहुण्यालाही विचारतात. नको असेल तर हसून 'आज फक्त ऐकतो' म्हटलं तरी चालतं.

पाहताना वक्ते किती भारी आहेत याकडे फार लक्ष देऊ नका. मूल्यमापन कसं होतं ते ऐका. प्रत्येकाला 'मस्त झालं, असंच बोलत राहा' एवढंच ऐकवलं जात असेल, तर त्या क्लबात दोन वर्षं काढूनही तुम्ही होता तिथेच राहाल. दुसरी खूण कामांच्या यादीत सापडते. सभा सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी 'टाइमर कोण होतंय?' अशी शोधाशोध चालली असेल आणि तेच तिघे-चौघे सगळा गाडा ओढत असतील, तर तो क्लब दमलेला आहे. हजेरी बारा ते वीसच्या आसपास असेल तर नवख्याला बरं पडतं. याहून फार कमी असली तर एकेकाच्या गळ्यात तीन-तीन कामं येतात. फार जास्त असली तर भाषणाची पाळी यायला महिने लागतात.

काही कंपन्यांचे आतले क्लब असतात. सोयीचे, कामाच्या वेळेला जवळ. पण समोर साहेब बसलेले असताना माणूस चुका करायला कचरतो, आणि चुका करण्यासाठीच तर क्लब असतो. शक्य असेल तर बाहेरचा निवडा. भाषा कोणती, हा प्रश्नही येतो. उत्तर सरळ आहे: ज्या भाषेत तुम्हाला प्रत्यक्षात लोकांसमोर उभं राहावं लागतं, ती. दोन्ही लागत असतील तर आधी जी सहज येते तिच्यात पाय रोवा. व्याकरणाची भीती आणि लोकांची भीती एकाच वेळी अंगावर घेतली की दोन्हीपैकी एकही हटत नाही.

पहिली पायरी: टाइमर

सभासद झाल्याच्या आठवड्यातच व्हीपी एज्युकेशनला, म्हणजे क्लबाच्या शिक्षण उपाध्यक्षाला, गाठा. कुणाला कुठलं काम द्यायचं ते हाच माणूस ठरवतो. 'पुढच्या सभेत टाइमर द्या आणि पाचव्या-सहाव्या सभेत माझं पहिलं भाषण लावा' असं दोन्ही एकदम सांगून टाका. तारीख लागली की तयारी होते. 'तयारी झाली की सांगतो' म्हणणाऱ्यांची तारीख लागतच नाही.

टाइमरला सुरुवातीला अर्धा मिनिट उभं राहून नियम सांगायचे असतात आणि शेवटी प्रत्येकाचे आकडे वाचायचे असतात. म्हणजे दोनदा उभं राहणं, आणि बोलायचा मजकूर हातातल्या कागदावर तयार. चुका होतात त्या अशा. वक्ता बोलायला लागल्यावर घड्याळ सुरू करायचं, नाव पुकारल्यावर नाही. मंचापर्यंत चालत येण्यात दहा-पंधरा सेकंद जातात. वक्ता बोलण्याआधी अभिनयाने सुरुवात करत असेल, तर तिथपासून. कार्ड छातीशी धरू नका, वक्त्याला दिसेल इतकं वर आणि स्थिर धरा, आणि पुढचं कार्ड येईपर्यंत खाली घेऊ नका. सगळ्यात मोठी चूक भाषणात रंगून जाण्याची. समोर किस्सा रंगलाय आणि घड्याळ सहा-दहा दाखवतंय! फोनवर पाच, सहा आणि सात मिनिटांचे कंपनाचे गजर लावून ठेवले की हा प्रश्न मिटतो.

आह-काउंटर, आणि आपल्या तोंडातलं तण

हे काम दुसऱ्याच सभेत घ्या. 'अं', 'आ' तर मोजायचेच, पण मराठीत त्यांच्यापेक्षा जास्त त्रास देतात ते अर्थ असलेले शब्द: 'म्हणजे', 'तर', 'जे आहे ना', 'आणि मग', 'ॲक्च्युअली', 'बेसिकली', 'ते आपलं हे', 'बरोबर ना?'. एखादा माणूस असा बोलतो: 'तर म्हणजे मी काय म्हणतो, की आपण ॲक्च्युअली जे आहे ना, ते सकाळी जर लवकर उठलो ना, तर म्हणजे आपल्याला वेळ मिळतो.' वीसहून जास्त शब्द, आणि कामाचे एवढेच: 'सकाळी लवकर उठलं की वेळ मिळतो.'

कागदावर नावांचे आडवे रकाने आणि शब्दांचे उभे करून रेघा मारत जा. अहवाल देताना नुसता आकडा सांगू नका. 'तुमचे एकोणीस' ऐकून माणूस खजील होतो, सुधारत नाही. 'तुमचं "आणि मग" प्रत्येक नव्या मुद्द्याच्या सुरुवातीला आलं' हे सांगितलंत तर त्याला जागा कळते. आणि जागा कळण्यातच सगळं आहे. हे शब्द बहुतेक वेळा वाक्यांच्या सांध्यात येतात: एक वाक्य संपलंय, दुसरं अजून सुचलेलं नाही, आणि मधली शांतता असह्य होते. म्हणून 'म्हणजे म्हणायचं नाही' असा निश्चय करून काही होत नाही. उपाय असा की वाक्यं तोडायची, 'आणि'ने न जोडता पूर्णविराम द्यायचा, आणि त्या पूर्णविरामाला ओठ मिटायचे. खरोखर मिटायचे, मिटलेल्या ओठांतून 'आ' निघत नाही. सुरुवातीला ही शांतता स्वतःला पाच सेकंदांची वाटते, ऐकणाऱ्याला ती एखाद्या सेकंदाची असते. रेकॉर्डिंग ऐकलंत की खात्री पटेल.

ग्रॅमेरियनचं काम त्यामानाने हलकं. दिवसाचा शब्द, म्हणजे त्या सभेत सगळ्यांनी वापरून पाहायचा शब्द, निवडताना भारदस्त शब्दाच्या मागे लागू नका. 'किंकर्तव्यमूढ' फळ्यावर लिहिला तर रात्रीपर्यंत कुणी वापरणार नाही. 'ओघ' निवडा; 'ओघाने', 'ओघात', 'ओघवतं' अशी पाच-सहा जणं सहज वापरतील.

टेबल टॉपिक्स

एक ते दोन मिनिटं. एका मिनिटाला हिरवं, दीड मिनिटाला पिवळं, दोन मिनिटांना लाल. बहुतेक नवखे पस्तीस-चाळीस सेकंदांत थांबतात, आणि त्याचं कारण विचार न सुचणं हे नसतं. ते विषयाबद्दल सर्वसाधारण बोलायला जातात. प्रश्न आला, 'एक दिवस फोन घरी विसरलात तर काय होईल?' की सुरू होतं: 'आजच्या युगात मोबाइल ही काळाची गरज बनली आहे. त्याचे फायदेही आहेत आणि तोटेही आहेत.' इथून पुढे रस्ता बंद. शाळेच्या निबंधात हे खपून जायचं, कारण तिथे पान भरायचं होतं.

त्याऐवजी पहिल्याच वाक्यात उत्तर द्या आणि लगेच एका प्रसंगात शिरा. 'दहा वाजेपर्यंत काहीच होणार नाही. दहा वाजता मला कळेल की स्वतःचा सोडून मला एकही नंबर पाठ नाही.' आता पुढे नंबर कुणाचा हवा होता, मग काय केलं, कुणाकडे फोन मागितला, तो देताना त्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं, हे आपोआप येतं आणि दीड मिनिट भरतं. शेवट करताना पहिल्या वाक्याकडे एक नजर टाकायची आणि बसायचं.

प्रश्न ऐकल्यावर तीन-चार सेकंद गप्प राहायला हरकत नाही. प्रश्न पुन्हा वाचून दाखवणं, 'खूप छान प्रश्न आहे' म्हणणं, 'मला या विषयातलं फारसं कळत नाही, तरी' अशी प्रस्तावना करणं, यात वेळ जातो आणि डोकंही रिकामंच राहतं. प्रश्न अगदीच अनोळखी असेल तर तो वाकवायची मुभा असते. 'अंतराळात गेलात तर काय न्याल?' याला 'अंतराळाचं माहीत नाही, पण दोन दिवसांच्या गावालाही मी काय काय नेतो ते सांगतो' हे उत्तर चालतं. नुसतं चालत नाही, हशाही मिळवतं.

प्रत्येक सभेत हात वर करा. इथे तयारीच नसते, त्यामुळे वाईट झालं तरी गेलं काय? भीती मोडायला तयार भाषणापेक्षा टेबल टॉपिक्स जास्त कामाचे, कारण ते दर आठवड्याला मिळतात. भाषण महिन्या-दीड महिन्याला एकदा.

पहिलं भाषण

टोस्टमास्टर्समध्ये याला आइसब्रेकर म्हणतात. वेळ चार ते सहा मिनिटं, विषय तुम्ही स्वतः. इथेच पहिला सापळा. माझा जन्म अमुक गावी, शिक्षण तमुक, मग नोकरी, छंद वाचन आणि प्रवास. हा बायोडेटा झाला.

एक धागा निवडा. समजा धागा असा: 'मला नाही म्हणता येत नाही.' त्यावर तीन प्रसंग ओवायचे. शाळेत नको असताना गळ्यात पडलेली नाटकातली भूमिका. कामावर दुसऱ्याचं घेतलेलं ओझं. आणि ज्या दिवशी शेवटी 'नाही' म्हटलं तो प्रसंग. सुरुवात तिसऱ्यातून करा: 'गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा कुणाला तरी "नाही" म्हणालो.' श्रोत्यांना लगेच दोन प्रश्न पडतात, कुणाला आणि का. ते प्रश्न शेवटापर्यंत उघडे ठेवा. शिक्षण, नोकरी, घरची माणसं ही सगळी माहिती प्रसंगांच्या पोटात येते, वेगळी सांगावी लागत नाही.

लांबीचा हिशेब आधी करा. इंग्रजीसाठी मिनिटाला सव्वाशे ते दीडशे शब्द असा आकडा सांगतात. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, शब्द लांब होतात, आणि तोच आकडा धरून लिहिलेलं मराठी भाषण हमखास लाल कार्डापलीकडे जातं. फोनवर दोन मिनिटं सहज बोलून रेकॉर्ड करा, शब्द मोजा, दोनने भागा. शंभर निघाले तर पाच मिनिटांना पाचशे. त्यातले पन्नास कमी लिहा. थांबण्याला आणि हशाला जागा लागते.

तयारीला दहा-बारा दिवस पुरतात, पण एका रात्रीत नाही. क्रम असा ठेवा:

१. प्रसंग कुणाला तरी गप्पांत सांगा. जिथे समोरच्याचे डोळे फोनकडे वळले तो भाग गाळा.
२. मग लिहा, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचा. जे वाक्य एका श्वासात संपत नाही त्याची दोन करा. 'अत्यंत', 'खरोखरच', 'या ठिकाणी' काढून टाका.
३. कागद बाजूला ठेवून उभं राहून बोला. निदान पाच वेळा, आणि दर वेळी घड्याळ लावून. बसून पुटपुटलेला सराव धरू नका.
४. पुस्तकाच्या पुठ्ठ्याइतक्या जाड कार्डावर पाच-सहा शब्द लिहा, मोठ्या अक्षरात. पातळ कागद हातात थरथरतो आणि मागच्या रांगेपर्यंत दिसतो.
५. आदल्या दिवशी एकदाच बोला आणि सोडून द्या.

अख्खं भाषण पाठ करू नका. पाठ भाषणात एक शब्द निसटला की पुढचा सगळा डबा घसरतो, आणि नाही निसटला तरी पोपटपंची वाटते. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढंच तोंडपाठ असू द्या. पहिल्या अर्ध्या मिनिटात छाती सगळ्यात जास्त धडधडते, तेवढा काळ जीभ आपोआप चालली पाहिजे. शेवटचं वाक्य पाठ हवं ते वेगळ्या कारणाने: ते ठरलेलं नसलं की माणूस 'तर असं आहे... अजून काय सांगू... धन्यवाद' करत विमान धावपट्टीवर उतरवतच नाही.

सरावात वेळ सव्वापाच मिनिटांच्या आत आली पाहिजे. मंचावर काही जण घाबरून वेगाने धावतात, काही लांबतात. दोघांनाही मोकळी जागा राहते.

सूत्रसंचालकाला तुमची ओळख तुम्हीच लिहून द्या, तीन-चार ओळींत, दोन दिवस आधी. भाषणातला हुकमी मुद्दा त्यात फोडू नका. सभेच्या दिवशी पंधरा मिनिटं लवकर जा, जिथून बोलायचं तिथे उभं राहून शेवटच्या खुर्चीकडे पाहा. माइक असेल तर एक वाक्य बोलून बघा. घसा कोरडा पडतो, म्हणून नाव पुकारायच्या आधी पाण्याचा एक घोट घ्या. बाटली रिकामी करू नका.

आणि ते संबोधन! 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मी आज जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकावे ही नम्र विनंती.' शाळेतल्या स्पर्धांनी हे हाडात मुरवलंय. मोठेपणी त्याचं रूप बदलतं, 'आजच्या सभेचे टोस्टमास्टर, सर्व पदाधिकारी, ज्येष्ठ सभासद आणि उपस्थित पाहुणे' होतं, आणि वीस सेकंद खातं. एक 'नमस्कार' पुरतो. तोही पहिल्या वाक्यानंतर आला तरी बिघडत नाही.

बोलता बोलता डोकं कोरं झालं तर? शेवटचं बोललेलं वाक्य हळू पुन्हा म्हणा आणि कार्डाकडे बघा. ऐकणाऱ्यांना तो जोर दिल्यासारखा वाटतो. तरीही सापडलं नाही तर पुढच्या प्रसंगावर उडी मारा. काय गाळलंत ते फक्त तुम्हाला माहीत असतं, 'सॉरी, विसरलो' म्हणून ते जाहीर करायचं काही कारण नाही.

मूल्यमापन: घ्यायचं कसं, द्यायचं कसं

घेताना लिहून घ्या आणि खुलासे देऊ नका. 'ते मी मुद्दाम केलं होतं' हे खरं असलं तरी ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचलं नाही, एवढीच बातमी तुम्हाला हवी होती. सहा सूचना मिळाल्या तर त्यातली एकच पुढच्या भाषणासाठी निवडा. हातांकडे, आवाजाकडे, नजरेकडे आणि वेळेकडे एकदम लक्ष द्यायला गेलं की विषयच हातून सुटतो.

आता खरी गोष्ट. क्लबात माणूस सगळ्यात जास्त शिकतो तो दुसऱ्याचं मूल्यमापन करताना, आणि नवखे नेमकं तेच टाळतात: 'मी कोण त्यांना सांगणार?' तिसऱ्या महिन्यापर्यंत हे काम मागून घ्याच. आपण वक्त्याला ग्रेड द्यायची नसते. श्रोता म्हणून आपल्यावर काय परिणाम झाला ते सांगायचं असतं, आणि त्याला अधिकार लागत नाही, कान लागतात.

सभेआधी वक्त्याला विचारा, 'मी कशाकडे लक्ष देऊ?' भाषण चालू असताना वक्त्याचे शब्द जसेच्या तसे टिपा, आपली मतं नंतर. मग भाषणानंतरच्या वेळेत निवड करा: दोन गोष्टी जमलेल्या, एक सुधारायची. दोन ते तीन मिनिटांत याहून जास्त मावत नाही.

फरक कसा दिसतो पाहा. एक मूल्यमापक म्हणतो, 'भाषण छान झालं, आत्मविश्वास जाणवला, फक्त आय कॉन्टॅक्ट थोडा वाढवा.' हे कुठल्याही भाषणाला चिकटवता येतं. दुसरा म्हणतो, 'आजोबांच्या घड्याळाबद्दल तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी ते बंद पडलं", आणि लगेच पुढच्या मुद्द्याकडे वळलात. तिथे दोन सेकंद थांबला असता तर आम्हीही त्या खोलीत थांबलो असतो. पुढच्या भाषणात अशी एक जागा आधीच हेरा आणि तिथे मनात दोन आकडे मोजा.' शब्द वक्त्याचे, परिणाम श्रोत्याचा, आणि उद्या करता येईल अशी कृती. तिन्ही असले की सूचना टोचत नाही.

आधी गोड, मध्ये कडू, शेवटी पुन्हा गोड असा एक साचा सर्रास चालतो. चार सभांत सगळ्यांना तो पाठ होतो आणि पहिलं कौतुक सुरू झालं की लोक मनात 'पण' ऐकू लागतात. साचा मोडला तरी चालेल, सौम्य सूर मात्र सोडू नका.

दुसऱ्या भाषणापासून पुढे

टोस्टमास्टर्सचा अभ्यासक्रम 'पाथवेज' नावाचा आहे, पाच पातळ्यांचा. सुरुवातीला त्यातला एक मार्ग निवडायला सांगतात. त्यावर आठवडे घालवू नका, पहिल्या पातळीत सगळ्यांना पायाच्याच गोष्टी कराव्या लागतात. त्यातला 'इव्हॅल्युएशन अँड फीडबॅक' हा प्रकल्प आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटतो. एक भाषण करायचं, मिळालेल्या सूचना घ्यायच्या आणि त्या वापरून पुन्हा भाषण करायचं, शिवाय स्वतःही एकदा मूल्यमापन करायचं. विषय तोच ठेवला तर फरक स्वतःलाही दिसतो. स्वतंत्र क्लबात असाल तरी हा व्यायाम कुणाची परवानगी न घेता करता येतो.

प्रत्येक भाषणाचं चित्रण करायला सांगा आणि तीन दिवसांनी बघा, त्याच रात्री नको. आधी आवाज बंद करून: हात काय करतायत, पाय एका जागी आहेत की येरझारा घालतायत, मान एकाच बाजूला वळतेय का. मग चित्र न पाहता नुसतं ऐका. सगळी वाक्यं एकाच पट्टीत संपतात का? वाक्याचा शेवटचा शब्द गिळला जातो का? मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे शेवट गिळला की वाक्याचा अर्थच जातो. 'केलं' की 'नाही केलं' तेही कळत नाही. ही तक्रार आपल्याकडे फार आढळते आणि मूल्यमापक क्वचितच पकडतात.

एक वही ठेवा. तारीख, विषय, वेळ, या वेळी लक्ष कशावर होतं, काय ऐकायला मिळालं. पाच ओळी बास.

प्रमाणपत्रांच्या मागे धावताना एक गडबड होते. पातळी पूर्ण करायची म्हणून आदल्या रात्री काहीतरी लिहून दुसऱ्या दिवशी उरकलं जातं. पातळी वाढते, वक्ता तिथेच. दोन भाषणांमध्ये तीन-चार आठवडे असू द्या, आणि मधल्या सभांत कामं घ्या.

घेतलेलं काम ऐनवेळी टाकू नका. एका मूल्यमापकाने सकाळी 'जमत नाही' कळवलं की अख्खी यादी कोलमडते. अडचण आलीच तर बदली माणूस स्वतः शोधून मग कळवा.

सहा-सात भाषणांनंतर प्रगती थांबल्यासारखी वाटते. कारण साधं आहे: हे श्रोते आता तुमचे मित्र झालेत, ते विनोदाआधीच हसतात. तेच भाषण दुसऱ्या क्लबात पाहुणा वक्ता म्हणून करून बघा. जिथे इथे हशा होता तिथे शांतता मिळेल आणि विनोद कुठे कच्चा होता ते कळेल. स्पर्धांतही उतरा, पण वेळेचं भान ठेवून: पाच ते सात मिनिटांच्या स्पर्धा-भाषणात साडेचार मिनिटांपेक्षा कमी किंवा साडेसातपेक्षा जास्त झालं की थेट बाद. स्पर्धेची एक खास ढब अंगात भिनते, तिच्यापासून सांभाळा. गुडघ्यावर बसणं, कुजबुजणं, भरून आलेला आवाज. हे सोमवारच्या बैठकीत नेलंत तर लोक पाणी आणायला धावतील.

टोस्टमास्टर्सची वर्गणी सहामाही असते, एप्रिल आणि ऑक्टोबरपासून. नूतनीकरणाआधी वही उघडा. सहा महिन्यांत तीन भाषणं, दोन मूल्यमापनं आणि सात-आठ छोटी कामं दिसत असतील तर चालू ठेवा. भाषण एकच असेल तर आधी व्हीपी एज्युकेशनशी बोला आणि पुढच्या सहामाहीच्या तारखा आत्ताच लिहून घ्या. तारखा मिळतच नसतील, तर सुरुवातीला पाहून आलेल्या दुसऱ्या क्लबात जाऊन विचारा. सभासदत्व बदलून घेता येतं.